गाव निवडायचं ते घरी बसणाऱ्या माणसासाठी

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, दोन जागा आल्या आहेत, एक इलिनॉय राज्यात आमच्या अर्बाना-शॅम्पेनला आणि दुसरी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला. तीन वर्षांचा करार, पाहुण्या संशोधकांना मिळणारा जे-१ व्हिसा, नवरा पुण्यात आयटीत, मुलगी सहा वर्षांची. आणि तुम्ही विचारलंत की संसार थाटायला, मूल वाढवायला या दोनपैकी कुठलं विद्यापीठाचं गाव चांगलं.

प्रयोगशाळा, प्रोफेसर, तिथून निघालेले पेपर, याची तुलना तुम्ही फार नीट केली आहे. पण ते सगळं तुमचं झालं. तुम्हाला पहिल्या दिवशी टेबल, ओळखपत्र, जेवायला सोबत बसणारी माणसं आयती मिळणार आहेत, कुठल्याही गावात गेलात तरी. गाव निवडायचं ते नवऱ्यासाठी आणि मुलीसाठी. हे मी इतकं ठामपणे सांगते, कारण मी त्या बाजूनं इथं आले.

२०१२च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून इथं आले. बँकेतली सहा वर्षांची नोकरी सोडली होती. नवरा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, मी जोडीदाराच्या एच-४वर, म्हणजे मला काम करायची परवानगीच नाही. नवरा साडेआठला बाहेर पडायचा. अकरापर्यंत पोळीभाजी, कपडे, केरवारे, सगळं आटोपलेलं असायचं आणि पुढे संध्याकाळी सहापर्यंत घड्याळ हलायचं नाही. आम्ही तेव्हा ऑर्चर्ड डाउन्स नावाच्या विद्यापीठाच्या कौटुंबिक वसाहतीत राहत होतो. घरं जुनी, भिंती पातळ, पण दारासमोर बस यायची. त्या बसनं मला वाचवलं. मी उठून अर्बानाच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसायला लागले. महिन्याभरानं तिथल्या एका बाईंनी विचारलं, परत आलेली पुस्तकं लावायला येशील का? पैसे नव्हते, पण मंगळवार आणि गुरुवार दुपार माझी झाली. मे २०१५मध्ये नियम बदलला. ज्यांच्या ग्रीन कार्डचा आय-१४० टप्पा मंजूर झाला आहे, त्यांच्या एच-४वरच्या जोडीदारांना परवाना मिळू लागला. माझ्या हातात तो २०१६च्या शेवटी पडला. चार वर्षं काही थोडी नव्हेत.

तुमचं त्या मानानं बरं आहे. जे-१वाल्याच्या जोडीदाराला, म्हणजे जे-२ला, इथं आल्यावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र तो यायला काही महिने लागतात, हे धरून चला. आणि त्याची कमाई तुमच्या पोटापाण्यासाठी लागते आहे असं अर्जात दिसता कामा नये, तशी अटच आहे. पुण्याच्या कंपनीचं काम इथून लॅपटॉपवर करू, हा विचार परवाना हातात येईपर्यंत मनातही आणू नका. कंपनी भारतातली असली तरी काम इथं बसून होतं. पुष्कळ जण इथंच फसतात.

आता गावं. २०२०च्या जनगणनेत ॲन आर्बरची लोकसंख्या १,२३,८५१. शॅम्पेन ८८,३०२ आणि शेजारचं अर्बाना ३८,३३६, मिळून जवळजवळ तेवढीच. दोन्हीकडे मोठं सरकारी विद्यापीठ, पन्नास हजारांवर विद्यार्थी. कागदावर जुळी भावंडं वाटतील. फरक आहे तो वेशीबाहेर. ॲन आर्बरहून पूर्वेला तासाभरात डेट्रॉईट. मधल्या पट्ट्यात नोवाय, फार्मिंग्टन हिल्स, वर ट्रॉय, अशी उपनगरं आहेत, गाड्यांच्या कंपन्या आणि त्यांना माल-सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांनी भरलेली. आपली माणसं पुष्कळ. डेट्रॉईटचं महाराष्ट्र मंडळ आहे, मुलांची मराठी शाळा भरते, किराण्यासाठी वाट पाहावी लागत नाही. आमच्याकडे वेस ओलांडली की मका. मका संपला की सोयाबीन. शिकागो २१७ किलोमीटर, गाडीनं सव्वादोन-अडीच तास. रेल्वे आहे, दिवसाला तीन, पण उशिरा येण्यात आपल्या गाड्यांच्या तोंडात मारतील.

नवऱ्याच्या नोकरीच्या दृष्टीनं आमच्याकडे काय आहे? विद्यापीठाचं रिसर्च पार्क, २००१पासूनचं, तिथं शंभरावर कंपन्यांची कार्यालयं आहेत. पण त्यातली बरीच कामं विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेण्याची. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला तिथं जागा कमी. वोल्फ्राम ही सॉफ्टवेअर कंपनी शॅम्पेनची आहे. मग पन्नास मैलांवर ब्लूमिंग्टन, स्टेट फार्म विमा कंपनीचं मुख्यालय. आमच्या ओळखीतले दोघं रोज तिथं जायचे, आय-७४ महामार्गानं. हिवाळ्यात वारा शेतांवरून आडवा येतो, रस्त्यावर बर्फाची भुकटी सरपटत राहते आणि डांबर दिसेनासं होतं. एकानं दोन हिवाळ्यांत गाव सोडलं.

पैशांचं गणित मात्र उलटं आहे. एनआयएचनं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेनं, २०२४साठी नव्या पोस्टडॉकला ६१,००८ डॉलर ठरवले होते. बरीच विद्यापीठं त्याच्या आसपास देतात, तुमचा आकडाही त्याच घरातला आहे. एवढ्यात तिघांचं आमच्याकडे नीट भागतं. ॲन आर्बरला घरभाडं अंगावर येतं. राज्याचा आयकर तिथं ४.२५ टक्के, आमच्याकडे ४.९५, पण त्या फरकानं भाड्याची खिंड बुजत नाही. तिथल्या विद्यापीठाची नॉर्थवुड नावाची कौटुंबिक घरं आहेत, पोस्टडॉकला देतात का ते आजच लिहून विचारा. नवऱ्याचा परवाना येईपर्यंतचे सहा-आठ महिने एका पगारावर काढायचे आहेत, तेवढी गंगाजळी सोबत आणा.

घराबद्दल एक आमची चूक सांगते, ती तुम्ही करू नका. विद्यापीठाच्या गावात भाडेकरार ऑगस्टच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतात. वसाहत सोडून आम्ही खासगी घर घेतलं, तेव्हा जुन्याचा करार संपला आणि नव्याचा पाच दिवसांनी सुरू होणार होता. मधले पाच दिवस आम्ही तारखा वाचूनही लक्षातच घेतले नव्हते. कडेवर दहा महिन्यांची मुलगी, भाड्याच्या ट्रकमध्ये सामान, आणि गावातली हॉटेलं मुलांना सोडायला आलेल्या पालकांनी भरलेली. शेवटी एका तेलुगू कुटुंबानं त्यांचा हॉल दिला. त्या आठवड्यात गावभर फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलं, दिवे पडलेले असतात, पोरं टाकून जातात. टेबल-खुर्ची खुशाल उचला, आमचं जेवणाचं टेबल अजून तेच आहे. गादी आणि सोफा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. ढेकूण घरात शिरले की बाहेर काढायला महिने जातात. आणि पदवीच्या मुलांच्या गल्लीत घर घेऊ नका, गुरुवारपासून रविवारपर्यंत झोप मिळत नाही.

मुलीच्या शाळेची तुम्हाला काळजी वाटते, पण मला त्याची सगळ्यात कमी वाटते. दोन्ही गावांत तिच्या वर्गात दहा भाषा बोलणारी मुलं असतील, आणि इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला सांभाळून घेणं तिथल्या शिक्षकांच्या रोजच्या कामातलं आहे. इंटरनेटवरच्या शाळांच्या गुणांवर जाऊ नका. त्या गुणांत शाळेपेक्षा पालकांचं उत्पन्न जास्त दिसतं. त्यापेक्षा शाळा सुटल्यानंतर मुलं थांबवून घेण्याची सोय आहे का आणि तिथली यादी किती लांब आहे, हे विचारा. दुपारी अडीच-तीनला शाळा सुटते आणि तुम्ही प्रयोगशाळेत असता.

तिला जड जाईल ते वेगळंच. विद्यापीठाच्या गावातली माणसं टिकत नाहीत. माझी मुलगी तिसरीत होती तेव्हा तिची जिवलग मैत्रीण, वडील पाहुणे संशोधक, जूनमध्ये सोलला परत गेली. पुढच्या वर्षी दुसरी गेली. त्यानंतर माझ्या मुलीनं नव्या मुलीशी ओळख झाली की पहिला प्रश्न विचारायला सुरुवात केली, "तुझे बाबा किती वर्षांसाठी आलेत?" एवढ्याशा पोरीच्या तोंडी तो प्रश्न ऐकून मला भरून आलं होतं. म्हणून मुलीला पहिल्या महिन्यातच गावातल्या, विद्यापीठाशी संबंध नसलेल्या मुलांमध्ये सोडा. गावाच्या बागा-मैदानं सांभाळणाऱ्या पार्क डिस्ट्रिक्टचं पोहणं, ग्रंथालयातला वाचनाचा तास, काहीही. तुमच्यासाठीही तेच. आमची खरी घरोब्याची माणसं म्हणजे शनिवारी अर्बानाच्या बाजारात भाजी विकणारं जोडपं आणि शेजारच्या निवृत्त नर्सबाई. ती कुठं जाणार नाहीत.

मला हे गाव का आवडतं हेही सांगते, नाहीतर अन्याय होईल. आले त्या पहिल्याच आठवड्यात नवरा मला विद्यापीठाच्या मधोमध घेऊन गेला. तिथं इमारतींच्या मध्ये मक्याचं शेत होतं. मॉरो प्लॉट्स, १८७६पासून तिथं प्रयोग म्हणून पीक घेतात. त्या पिकावर सावली पडू नये म्हणून शेजारचं ग्रंथालय जमिनीखाली बांधलं, असं इथं सगळे सांगतात. मी शेतकऱ्याची मुलगी. पिकासाठी इमारत खाली घालणारं गाव मला त्या क्षणी आपलं वाटलं. अजून वाटतं.

तरीही तुमच्यासाठी माझं मत ॲन आर्बर. नवऱ्याला पंधरा वर्षांचा अनुभव आहे आणि परवाना मिळाल्यावर त्याच्या हाताला काम लागलं पाहिजे. ते तिथं तासाभराच्या टप्प्यात मिळेल, आमच्याकडे नशिबावर आहे. त्याची कंपनी रीतसर अमेरिकेतल्या शाखेवर घ्यायला तयार असेल आणि घरून काम चालणार असेल, तर मात्र बिनदिक्कत इथं या. पैसे उरतील आणि मुलगी सायकलवरून ग्रंथालयात जाईल. म्हणजे पहिला प्रश्न त्याच्या कंपनीला विचारायचा आहे, प्रोफेसरांना नंतर.

प्रोफेसरांना विचाराल तेव्हा हे विचारा: पगाराचा पैसा कुठून येतो? सरकारी निधीवरच्या जे-१ला करार संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू शकते आणि ती पुरी केल्याशिवाय किंवा माफ करून घेतल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांची अमेरिकेची एक यादी आहे, तिच्यामुळेही हीच अट लागते. त्या यादीतून भारताचं नाव डिसेंबर २०२४मध्ये निघालं, त्यामुळे पुष्कळांची सुटका झाली, पण निधीची अट वेगळी आहे, ती तशीच आहे. जे-१साठी विद्यापीठ पाठवतं तो डीएस-२०१९ फॉर्म हातात आला की तेवढी ओळ आधी वाचा.

मुलीचं लसीकरणाचं पुस्तक इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह आणा. बीसीजी दिल्याची नोंद त्यात स्पष्ट हवी, कारण टीबीची त्वचेवरची चाचणी त्यामुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. इलिनॉयला आलात तर शाळेसाठी डोळे तपासल्याचा कागद इथल्या डॉक्टरांकडून लागेल. ॲन आर्बर ठरलं तरी कळवा. आमचे एक स्नेही तिकडे आहेत, विमानतळावर न्यायला येतील.