मलिदा केला की मलिदा केली?

प्रश्न असा आलाय. इस्रायलमधल्या डिमोना गावातल्या एका मराठी ज्यू कुटुंबाचा व्हिडिओ, त्यात आजी म्हणते 'आम्ही मलिदा केला' आणि तिथेच जन्मलेली नात म्हणते 'मलिदा केली', तर बरोबर कोण? आणि मलिदा हा शब्द हिब्रू 'माले' म्हणजे 'भरलेला' यावरून आलाय हे खरं का?

दुसरं आधी घेतो कारण ते ऐकून डोकं फिरतं. नाही, हिब्रूबिब्रू काही नाही. आणि ज्यांना मलिदा म्हटलं की फक्त टेंडर आणि कंत्राटदार आठवतात त्यांच्याशी तर मला बोलायचंच नाहीये, बातम्यांवाल्यांनी 'कोट्यवधींचा मलिदा लाटला' करून करून एका चांगल्या खाण्याच्या पदार्थाची पार वाट लावलीय. अहो, सातारा-सांगलीकडे अजून पिराला मलिदा करतात, गरम चपाती कुस्करून त्यात गूळ-तूप चोळलेलं.

तर 'चोळलेलं' हाच अर्थ! फारसीत मालीदन म्हणजे चोळणं, रगडणं. त्यातून मालीदा. आता गंमत बघा, मालिश त्याच घरातला. रुमाल पण, रू म्हणजे चेहरा, चेहरा पुसायचा तो रुमाल. आणि माझा सगळ्यात लाडका म्हणजे पायमल्ली, पायमाल म्हणजे पायाखाली रगडलेलं. म्हणजे 'नियमांची पायमल्ली करून मलिदा खाल्ला' असं जेव्हा छापून येतं तेव्हा एकच फारसी धातू एकाच वाक्यात दोनदा रगडलेला असतो आणि लिहिणाऱ्याला पत्ता नसतो.

यावर संस्कृतवाले येणारच, 'मर्दित'पासून मलिदा, झालं, सुटला प्रश्न. आपलं 'मळणं' मर्दनातून आलंय हे मान्य, पण मग शेवटचं 'ईदा' कुठून आणलंत? कशिदा बघा. कशीदन म्हणजे ओढणं, दोरा ओढून काढलेला तो कशिदा. मलिदा त्याच साच्यातला, तयार होऊन आलेला.

मग हिब्रूत प्रार्थना करणाऱ्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे या मराठी ज्यूंकडे, फारसी शब्द कसा? त्यात काय नवल. ही मंडळी शेकडो वर्षं कोकणात होती. त्यांची परंपरा सांगते की नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पुढे तेलाचे घाणे चालवले आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. शेजारी मुसलमान, वर निजामशाही, खाली जंजिऱ्याचा सिद्दी. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ते मशीदच म्हणायचे. एलियाहू हनवी म्हणजे प्रेषित एलिया, तो अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला, खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा (अलिबागचं खंडाळे हो, घाटातलं नव्हे), आणि त्याच्या दिवसाला नाव काय तर उरूस! मलिदा याच एलियाहूच्या नावाने करतात. नवस फेडायचा असो, लग्न असो, नवीन घर असो.

काही विद्वान म्हणतात की हा जेरुसलेमच्या मंदिरातल्या पीठ-तेलाच्या अर्पणाचा अवशेष. असेल बाबा. विधी कितीही जुना असू दे, नाव फारसीच राहतं, आणि विधीच्या वयावरून शब्दाचं वय काढणारे विद्वान मला भलतेच उत्साही वाटतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर खरं कोडं वेगळंच आहे, बेने इस्रायलांच्या मलिद्यात कुस्करलेलं काही नसतंच. भिजवलेले गोड पोहे, ओला नारळ, वेलची, बेदाणे, भोवती पाच तऱ्हेची फळं, खजूर, वासाला गुलाब किंवा सब्जा, आणि झाडाचं फळ, जमिनीचं पीक, धान्य, सुगंध अशा प्रत्येकाची वेगळी ब्राखा म्हणजे आशीर्वचन. चपाती कुठाय? माझा अंदाज असा की कोकणात गहू पिकत नाही, भात पिकतो, मग पिराच्या मलिद्याचं नाव तेवढं आलं आणि ताटात पोहे बसले. नारळ पोह्यांना हाताने चोळूनच लावतात, तेवढं मालीदन शिल्लक.

हेच ताट पुढे इस्रायलला गेलं. 1948 नंतर लोक जायला लागले, 1950 च्या परतीच्या कायद्याने कुठल्याही ज्यूला तिथे येऊन राहायचा हक्क मिळाला, यांच्यातले खूप जण बीरशेबा, डिमोना, अश्दोद, लोद, रामलात स्थिरावले, काहींना तिथलं जमेना म्हणून 1952 मध्ये भारतात परतलेही. वर 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, फर्मान काढलं की इतर ज्यूंशी लग्न करायचं तर यांची वंशावळ तपासा. पार रस्त्यावर उतरावं लागलं तेव्हा कुठे 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल पूर्ण ज्यू आहेत. एलिया तिकडे सगळ्यांचाच, वल्हांडण या ज्यूंच्या सणाला त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, पण पोह्यांचं ताट फक्त कोकणवाल्यांचं. त्यांनी ते सोडलं नाही.

हां, लिंग राहिलंच. मराठीत मलिदा पुल्लिंगी, घोडा-मळा सारखा, तेव्हा आजी बरोबर. नातीचा कान हिब्रू आहे, तिथे 'आ'ने संपणारं नाम बहुतेक स्त्रीलिंगी असतं. आपल्याकडे तोरा मिरवायचा आणि पुल्लिंगी, त्यांच्याकडे तोरा म्हणजे धर्मग्रंथ, तो वाचायचा पण नाम स्त्रीलिंगी, त्यातला प्रकार. किंवा 'पूजा केली'च्या चालीवर म्हणत असेल. पण ते व्हिडिओखाली कुणीतरी इथूनच 'मलिदाचं ताट' लिहिलंय ना, त्याला काहीच सबब नाही. मलिद्याचं ताट!