शंभर ग्रॅम भाजी म्हणजे किती वाट्या?

प्रश्न : आईला आहारतज्ज्ञांनी दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम शिजवलेली भाजी घ्यायला सांगितली आहे. घरी वजनकाटा नाही. वाटीने कसे मोजावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर्व भाज्यांना चालेल असे एकच प्रमाण नाही. शिजवून निथळलेला पालक दबून बसतो, म्हणून २४० मिलिलिटरच्या मापी कपात तो सुमारे १८० ग्रॅम मावतो. मटार १६० ग्रॅम भरतात, तर उकडलेल्या फ्लॉवरच्या तुऱ्यांमध्ये पोकळी राहत असल्याने तो जेमतेम १२५ ग्रॅमच भरतो. म्हणजेच १०० ग्रॅमसाठी पालक साधारण १३५, मटार १५० आणि फ्लॉवर १९० मिलिलिटर लागेल. घराघरांतल्या वाट्या लहानमोठ्या असतात, तेव्हा आपली वाटी औषधाच्या मापाने पाणी ओतून एकदा मोजून ठेवावी. रस्सा मात्र निथळूनच भाजी मोजावी, आणि दाण्याचे कूट किंवा डाळीचे पीठ लावलेल्या भाजीला हे आकडे लावू नयेत. सांगितलेले वजन शिजवलेल्या भाजीचेच आहे ना, हे आहारतज्ज्ञांना अवश्य विचारा, कारण कच्चा चिरलेला पालक कपभर घेतला तरी जेमतेम ३० ग्रॅम भरतो.