बोटींच्या धंद्यात यायचंय? आधी घराजवळ हात तयार कर

चोपड्याच्या एका मुलाने विचारलंय: आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालोय, सध्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात आहे, दुबईकडे यॉटच्या लाइनमध्ये जायचंय. मुंबईचा एक एजंट अडीच लाखांत कोर्स आणि नोकरी दोन्ही देतो म्हणतो. वडील केळीच्या पैशांतून द्यायला तयार आहेत. देऊ का?

भाऊ, नको देऊ. मी यावल तालुक्यातला, बरीच वर्षं शारजा-अजमान पट्ट्यात बोटींच्या यार्डांत काम करतोय. इथे माणूस घेताना फोरमन सर्टिफिकेट नंतर बघतो, आधी पाना हातात देतो.

पहिल्यांदा हे ठरव की तुला बोट बांधायची-दुरुस्त करायची आहे, की बोटीवर राहून नोकरी करायची आहे. एजंट दोन्हीला ‘यॉट लाइन’च म्हणतो, पण दोन्हींचं शिक्षण वेगळं आणि कागदही वेगळे. मोठ्या यॉटवर क्रू म्हणून जायचं तर एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे, बेसिक सेफ्टी कोर्स लागतात: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता, वर सिक्युरिटीचा एक. हे भारतातच डीजी शिपिंगची (जहाज वाहतुकीचं केंद्र सरकारी खातं) मान्यता असलेल्या संस्थांत होतात. स्पीडबोट चालवायला ब्रिटनच्या आरवायए या बोटिंगच्या संस्थेचा पॉवरबोट लेव्हल 2 हा दोन दिवसांचा कोर्स असतो. गोव्यात केंद्र सरकारची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्सही पॉवरबोट चालवायला शिकवते. पण यॉटमास्टर ऑफशोअर या कप्तानाच्या परीक्षेला बसायलाच 50 दिवस आणि 2500 सागरी मैलांचा अनुभव मागतात. तेव्हा कोणी महिन्याभरात कॅप्टन करतो म्हणाला तर चहा पिऊन निघून ये.

तुझ्यासाठी मला यार्डाचा रस्ता बरा वाटतो. अमिरातीत यार्डं भरपूर आहेत. उम्म अल क्वैनमधल्या गल्फ क्राफ्टसारखी 1982 पासूनची कंपनी 54 मीटर लांबीची फायबरची यॉट बांधते, आणि छोटी यार्डं तर गल्लोगल्ली आहेत. शिवाय डिझेल तुझ्या हातात आधीच आहे.

आता ट्रॅक्टर आणि बोट यांत फरक काय ते ऐक. बोटीच्या डिझेलला ट्रॅक्टरसारखा रेडिएटर नसतो. पंप समुद्राचं पाणी आत ओढतो, ते हीट एक्स्चेंजरमधून फिरतं, त्यावर कूलंट गार होतो आणि तेच पाणी धुरासोबत एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. म्हणून इंजिन सुरू केलं की जाणता मेकॅनिक आधी मागे जाऊन पाणी पडतंय का बघतो. पडत नसेल तर लगेच बंद. बहुतेक वेळा पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) गेलेला असतो, कोरडा फिरला की त्याची पाती थोड्याच वेळात तुटतात. नवा बसवला की काम झालं, असं नवख्याला वाटतं. जुन्याची तुटलेली पाती मोजायची आणि सगळे तुकडे शोधून काढायचे, नाहीतर ते पुढे एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकतात आणि आठवड्याने तीच बोट पुन्हा तुझ्या दारात. एक्स्चेंजरमध्ये जस्ताचा एक तुकडाही असतो. तांबं-पितळ वाचावं म्हणून तो मुद्दाम झिजू देतात. निम्मा झिजला की बदलायचा.

आपल्या नंदुरबारात नर्मदेच्या फुगवट्यावर बोट अँब्युलन्स चालतात, पण ते गोडं पाणी. खारं पाणी काय करतं ते बघायला मुंबई, गोवा नाहीतर कोचीच गाठावी लागेल. गेटवे-मांडव्याच्या बोटी सांभाळणाऱ्या वर्कशॉपमध्ये किंवा गोव्याच्या यार्डात कमी पगारावर का होईना, दोन वर्षं काढ. सरकारी शिक्षण हवं असेल तर कोचीच्या सिफनेट या केंद्र सरकारच्या मत्स्यव्यवसाय संस्थेत दहावीनंतरचा दोन वर्षांचा मरीन फिटर कोर्स आहे. इंजिन कंपन्यांचं ट्रेनिंग मात्र बाहेरून पैसे भरून सहसा मिळत नाही, डीलर आपल्याच माणसांना पाठवतो. त्यामुळे आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या) डीलरकडे हेल्पर म्हणून लागणं हासुद्धा कोर्सच समज.

दुसरं कौशल्य फायबरचं. त्यासाठी समुद्र लागत नाही. जळगावच्या एमआयडीसीत एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्याच, टाक्या किंवा पत्रे करणारी शेड शोध आणि सुट्टीच्या दिवशी जाऊन बस. काचतंतूंच्या मॅटवर रेझिन (घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) लावल्यावर पांढरी मॅट पारदर्शक होईपर्यंत खाचांच्या रोलरने हवा काढायची, हे हाताला कळावं लागतं. राहिलेला बुडबुडा पुढे हलमध्ये, म्हणजे बोटीच्या कवचात, पोकळी होतो. रेझिन घट्ट करणारा हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के, पण आपल्याकडच्या मे महिन्यात बादलीतच रेझिनचा दगड होतो, म्हणून थोडं थोडं कालवायचं. आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) व हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी ॲक्सिलरेटर रेझिनमध्ये ढवळून घे, मग हार्डनर. मास्क घालायला लाजू नको. कुणी धाकटा भाऊ बारावीला असेल तर जळगावच्या विद्यापीठात प्लास्टिक आणि पेंट टेक्नॉलॉजीचं बी.टेक. आहे, बोटीच्या रंगकामात आणि फायबरमध्ये अशी माणसं हवी असतात.

उन्हाला तू घाबरणार नाहीस, भुसावळचं ऊन पाहिलेलं आहे. इथली दमट हवा मात्र वेगळी. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं, तरी बोटीच्या इंजिनरूममध्ये शिरलं की शर्ट पिळून काढावा लागतो.

आता पैशांचं. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. भारतात नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच फी घेता येते. त्याची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसते. क्रूची भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स हवं, आणि त्याने खलाशाकडून नोकरीचे पैसे घ्यायचेच नसतात. या हिशेबात तुझे अडीच लाख कुठे बसतात ते त्यालाच विचार. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बघू’ म्हणाला तर विषय तिथेच संपव. व्हिजिटवर काम करणं बेकायदा आहे आणि पकडला जाशील तो तू, एजंट नाही.

ऑफर लेटर आलं की एकूण पगारावर खूश होऊ नको, बेसिक किती ते बघ. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर धरतात: पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा बेसिक. बेसिक तळाला आणि अलाउन्स फुगवलेले, अशी लेटरं इथे सर्रास फिरतात. राहणं, जेवण, तिकीट कोण देणार तेही त्याच कागदावर लिहून घे. आयटीआयच्या सर्टिफिकेटचं अटेस्टेशन (परदेशात चालण्यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) आत्ताच सुरू कर, त्याला वेळ लागतो. ऑफर हातात आली की सही करण्याआधी मला पाठव.