लिलाँग्वेत दोन दिवस पुरेत

प्रश्न : ताई, मुलाला मलावीत लिलाँग्वेला नोकरी लागलीय. चवथ आटोपली की सप्टेंबरात आम्ही दोघं १२ दिवसांसाठी जाणार. तिथली मोठी शहरं आणि ते मलावी तळं, सगळं बघून होईल का? मी ६६ वर्षांची, हे ७१ चे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सप्टेंबर उत्तम. पाऊस नोव्हेंबरला सुरू होतो, तोवर रस्ते कोरडे असतात. पण सगळी शहरं बघायचा हट्ट सोडा. म्झूझू पार उत्तरेला, ते गाळाच.

मी ब्लँटायरला नऊ वर्षं संसार केला, त्यामुळे माझा कल दक्षिणेकडे, हे आधीच सांगते. लिलाँग्वे १९७५ साली राजधानी झाली. त्याआधी मान झोंबाचा होता. नव्या शहराला बाजारपेठ अशी एक जागी नाही; वस्त्यांना नुसते आकडे, एरिया ३, एरिया ४७, आणि तेही ओळीने लागत नाहीत. पत्ता विचारून विचारून जीव जातो. जुन्या भागातल्या गुजराती दुकानांत तूरडाळ मिळते, तेवढं मुलाच्या घरासाठी लक्षात ठेवा. दोन दिवस पुरेत.

मग ब्लँटायर. तीनशेहून थोडे जास्त किलोमीटर, मुलाच्या गाडीनेच जा. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही. एकदा मी दीड तास खिडकीशी मांडीवर कोंबडी घेऊन बसले होते, आणि कोंबडी माझी नव्हती! गावात सेंट मायकल चर्च चुकवू नका. आपल्याला चर्च म्हणजे चुन्याचं पांढरंशुभ्र. हे लाल विटांचं. स्कॉट नावाच्या मिशनऱ्याने बांधवून घेतलं, १८९१ साली पुरं झालं, आणि त्याने वास्तुकलेचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. कमानीजवळ उभं राहून विटा निरखा. गोल, तिरक्या, खाचेच्या, किती तऱ्हा! आमच्या घरचे चिरे घडणारे मेस्त आठवायचे मला.

झोंबा तिथून तासाभरावर. बाजार बघा, पठारावर जाताना वाटेत पोरं स्ट्रॉबेरी विकतात ती घ्या. वर गारवा असतो, स्वेटर न्या.

राहिलं तळं. ५८० किलोमीटर लांब! पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा आपला गोवा पाच वेळा ओळीने ठेवला तरी ते उरेल. केप मॅक्लिअरला तीन रात्री राहा. किनाऱ्यावर मचाणं बांधून उसिपा नावाची बारीक मासळी वाळवतात. त्या वासाला पहिल्यांदा मला माहेरचा गालमो, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, आठवला आणि रडूच आलं. डुंबायचा मोह मात्र आवरा. लव्हाळ्याच्या, संथ पाण्यात गोगलगायींपासून बिल्हार्झिया या रोगाचे जंतू सुटतात, ते कातडीतून आत शिरतात. पाण्यात उतरलातच तर परतल्यावर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तपासणी काही आठवड्यांनी करावी लागते. मलेरियाच्या गोळ्याही निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

जेवायला चांबो मासा मिळेल. गोड्या पाण्याचं नुस्तें म्हणून ह्यांनी नाक मुरडलं तर मुरडू द्या, दुसऱ्या दिवशी मागून घेतील. नसिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने मोडून खायचा. सोलं मात्र पाव किलो इथूनच न्या. मी चिंच घालून चांबोचं हुमण करून पाहिलं, जमलं नाही.