छोट्या कंपनीची वेबसाइट आणि ऑफिसचं नेटवर्क हॅकर्सपासून वाचवायला कोणता फायरवॉल घ्यावा?

फायरवॉलचं, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याचं, नंतर बघू. तुमचा बॅकअप या क्षणी कुठे आहे? सर्व्हरलाच जोडलेल्या हार्ड डिस्कवर असेल, तर त्याला बॅकअप म्हणू नका.

आमचा तसाच होता. अकाउंट्सवाल्यांना घरून काम करता यावं म्हणून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप (लांबून सर्व्हर चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला. त्याचा ३३८९ पोर्ट, म्हणजे त्याचं इंटरनेटवरचं दार, बंद करा, व्हीपीएन (आत यायचा सुरक्षित खाजगी रस्ता) लावा, असं मी मॅनेजरांना दोनदा ईमेलवर कळवलं. उत्तर आलं, "एवढ्याशा कंपनीत कोण येतंय?" एका रविवारी रात्री आलंच कोणीतरी. नोकरी सोडून वर्ष झालेल्या सहकाऱ्याचं खातं चालू राहिलं होतं, पासवर्ड अगदी सोपा. सोमवारी एकही फाइल उघडेना, प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची डिस्कही गेली. तीन वर्षांची बिलं आम्ही छापील प्रतींवरून आणि ग्राहकांकडून मागवून पुन्हा भरली. सात आठवडे लागले.

"कोण येतंय" म्हणणाऱ्यांना हे कळत नाही की तिथे कोणी माणूस बसून कंपनी निवडत नसतो. प्रोग्राम दिवसरात्र एकेक आयपी पत्ता ठोठावत असतात, उघडं सापडलं की शिरतात. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा तो ज्या भोकातून शिरायचा ते बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्ती) येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी तो लावला नाही, ते अडकले. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) पुसले. वाचला फक्त घानातला एक, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. म्हणून म्हणतो, बॅकअपची एक प्रत नेटवर्कच्या तारेपासून सुटी हवी.

वेबसाइटचं म्हणाल तर प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम) अपडेट ठेवा, वापरात नसलेले काढून टाका, अॅडमिनच्या खात्याला टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा. साइट ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवू नका.

फायरवॉल नकोच असं माझं म्हणणं नाही. पण तोही अपडेट केला नाही तर त्याच्यातूनच आत शिरतात. आणि साइटवर कार्डाने पैसे घेत असाल, तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, जाणकाराकडून तपासून घ्या.

आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही बॅकअपमधून एक फाइल परत आणून बघतो. कोणती, ते मॅनेजर ठरवतात. ते दोन ईमेल आपल्याला मिळालेच नव्हते असं ते आजही सांगतात. त्यांचं उत्तर माझ्याकडे आहे, तारखेसकट.