चालतं वायफाय, तरी अपडेट?

प्रश्न: कार्यालयात १२ ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी उपकरणं) आहेत. मागच्या फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर दोन उठलेच नाहीत. सगळं चालू असताना हात लावावाच का?

उत्तर: लावावाच. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षा पद्धतीतली ‘क्रॅक’ त्रुटी उघड झाली, तेव्हा पासवर्ड बदलून काही उपयोग नव्हता. पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, हाच उपाय होता.

पण बाराही एकदम नकोत. आधी कंट्रोलरचा (सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) बॅकअप घ्या, जुनी फर्मवेअर फाइल जपून ठेवा आणि रिलीज नोट्समधल्या ज्ञात अडचणी वाचा. मग कमी वर्दळीच्या जागेतला एकच ॲक्सेस पॉइंट अपडेट करून आठवडाभर पाहा.

न उठलेल्या दोघांसाठी आधी वीज तपासा. त्यांना स्विचकडून नेटवर्क केबलमधूनच वीज मिळते (पीओई). त्यातल्या ८०२.३एएफ मानकाचा पोर्ट जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो. बऱ्याच नव्या मॉडेलांना ८०२.३एटीचे ३० वॅट लागतात. स्विचचं एकूण पीओई बजेटही (सगळ्या पोर्टना मिळून देता येणारी वीज) बघा. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते. म्हणून स्विच यूपीएसवरच हवा.

दिवा लागलाय, पण ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसत नाही? केबल उपसू नका. डीएफएस चॅनेलवर (रडारही वापरतं अशा लहरींवर) रडार नाही ना, हे तपासायला ॲक्सेस पॉइंट किमान ६० सेकंद गप्प राहतो. त्यानंतरही शांतच असेल, तर निर्मात्याच्या रिकव्हरी पद्धतीने जुनी फाइल चढवा.