दात आलाच नाही, तर दोष कुणाचा?

“दुधाचा दात पडून किती दिवस झाले, नवा येईना. एक्स-रेत म्हणे तिथं दातच नाही. असं आणखी कुणाला असतं का हो?” हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारतात टक्केवारी, पण घरात खटला दुसराच चालू असतो.

औसा तालुक्यातली माय-लेक आणि आजी आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) पोरगी सातवीत. वरच्या मधल्या दोन दातांच्या डाव्या बाजूला फट, आणि उजवीकडचा शेजारी दात खुंटीसारखा बारीक, टोकदार. आजींनी निकाल लावूनच टाकला होता, “हिनं गरोदरपणी गिरान पाळलं नाही. विळीवर भाजी चिरत बसली.” आईनं हळूच विचारलं, “मॅडम, आमच्या बोअरच्या पाण्यानं तर नसंल ना झालं?”

पाण्याचं आधी सांगितलं. फ्लोराईड जास्त असलं की दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, नांदेडकडच्या काही गावांत ते दिसतातही. पण त्यानं दात गायब होत नाही. ग्रहणाचा तर संबंधच नाही. दाताचा कोंभ धरायचा की नाही हे मुख्यतः जनुकं ठरवतात.

मग आकडे. अक्कलदाढ सोडून एखादा तरी कायमचा दात नसणं, याचे अनेक देशांतले अभ्यास 2004 मध्ये एकत्र मांडले गेले. युरोपात 5.5 टक्के, ऑस्ट्रेलियात 6.3, उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्यांत 3.9. मुलींत मुलांपेक्षा सुमारे 1.37 पट. खुंटीसारखा दात त्याहून कमी, सरासरी 1.8 टक्के. मंगोलवंशीय गटांत 3.1, गोऱ्यांत 1.3. आणि एका बाजूला असा बारीक दात असेल, तर दुसऱ्या बाजूचा मुळातच नसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. या पोरीचं चित्र अगदी हेच होतं. आई पहिल्यांदा वर बघून म्हणाली, “म्हणजे पुस्तकात हाय हे?”

एक सांगते, टक्केवारी वाचताना मोजलं कुणाला ते बघा. दातांना तार लावायला आलेल्यांतच मोजलं तर आकडा फुगतो, एक्स-रेशिवाय मोजलं तर गफलत होते.

मी मात्र टक्क्यांपेक्षा दुसऱ्याच प्रश्नावर जास्त वेळ घालवते. “उन्हाळ्यात हिला घाम येतो का? केस विरळ आहेत का?” आजींना हे विचित्र वाटलं. पण सहा किंवा जास्त दात नसतील तर मामला वेगळा असू शकतो, दातांसोबत केस आणि घामाच्या ग्रंथीही नीट न घडण्याचा आनुवंशिक आजार. डार्विननं 1875 मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून पुढचे चारच बारके दात आणि आठ दाढा, अंगावर केस तुरळक, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. लेकींपैकी एकीलाही नाही. घामच येत नसलेलं लेकरू आपल्याकडच्या मे महिन्यात किती तापेल, विचार करा. हिला घाम यायचा, केसही दाट. तो प्रश्न मिटला.

“घरात आणखी कुणाचा दात असा?” हे मी नेहमी दोन्ही घराण्यांबद्दल एकदमच विचारते. आजीच बोलून गेल्या, “आमच्या दादाचा असाच बारका दात होता की.” दादा म्हणजे सुनेचे वडील. आजी सुनेची सख्खी आत्या, लग्न आते-मामे भावंडांत झालेलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग आईच हसली. मी विषय ताणला नाही, एकीच्या डोक्यावरचं ओझं दुसरीच्या डोक्यावर ठेवायला त्या आल्या नव्हत्या. नात्यातल्या लग्नाचंही त्यांनी विचारलंच. असा एखाद-दुसरा दात नसणं बहुधा एकाच पालकाकडून आलेल्या जनुकानंही होतं, नातं कारण असायलाच हवं असं नाही.

उपाय दंतवैद्यांनी सांगितला होताच. बारका दात सिमेंटसारख्या द्रव्यानं भरून नीट आकाराचा करायचा, तार लावून जागा राखायची. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा कृत्रिम दात, मात्र जबड्याची वाढ थांबल्यावर, आत्ता कुणी घाई केली तरी नाही.

निघताना आईनं धाकट्याचं विचारलं, तो दुसरीत. म्हटलं, वरचा हा दात साधारण आठव्या-नवव्या वर्षी येतो. एका बाजूचा येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा येईना, तर एक्स-रे काढा. तोवर त्याच्या तोंडात रोज बघत बसू नका.